ख्रिसमसच्या बिअरमध्ये मसाला शोधू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त आइंडहोव्हनला आहात. नोव्हेंबर लागला की तिथल्या दुकानांत बर्फ, हरणं आणि लाल टोप्या छापलेल्या बेल्जियन बाटल्या मांडल्या जातात. गेल्या वर्षी तुम्ही त्यातल्या काही आणल्या. एक फार आवडली, एक लवंगेच्या काढ्यासारखी लागली. म्हणून विचारताय, की या बिअर नेमक्या असतात काय, सगळ्यांत मसाला घालतात का, यंदा कुठल्या घ्याव्यात, सुट्टीत पुण्याला येताना वडिलांसाठी आणता येतील का, आणि तिकडे घरच्या घरी एखादी करून बघता येईल का.

मी पुण्यात बिअर बनवतो. त्याआधी बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक भागातल्या एका लहान ब्रुअरीत काम शिकलो. हिवाळी बिअर हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ख्रिसमस बिअर हा बिअरचा प्रकारच नाही. पिल्सनर, म्हणजे फिकी सोनेरी, कडवट बिअर, म्हटली की रंग, कडवटपणा, यीस्ट सगळं साधारण ठरलेलं असतं. फ्लेमिश लोकांची 'केर्स्टबिअर' किंवा फ्रेंच बोलणाऱ्यांची 'बिएर द नोएल' म्हटली की त्यातलं काहीच ठरलेलं नसतं. ती काळी असेल, तांबूस असेल, सोनेरीही असेल. मसाला असेल किंवा नसेल. सगळ्यांत समान काय, तर वर्षअखेरीला ब्रुअरीनं हात सैल सोडून केलेली ती बिअर असते. नेहमीपेक्षा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) जास्त, टाकीत मुरायला दिवस जास्त, आणि साहजिकच दारूचं प्रमाणही जास्त.

याची उदाहरणं बघा. टूर्प गावच्या दुपाँ ब्रुअरीची 'आव्हेक ले बाँ व्हो' ही बिअर १९७० साली चांगल्या गिऱ्हाइकांना नव्या वर्षाची भेट म्हणून केली गेली. नावातच 'शुभेच्छांसह' आहे. आज ती दुकानात मिळते, पण तिचा जन्म भेट म्हणूनच झाला. उन्हाळ्यात जगभर थंडगार प्यायली जाणारी स्टेला आर्त्वासुद्धा १९२६ साली लूव्हेन शहरातल्या लोकांसाठी ख्रिसमसची खास बिअर म्हणून आली. नावातला आणि लेबलवरचा तारा हा त्या ख्रिसमसचा. बेल्जियममधल्या शिमेच्या मठातली निळ्या लेबलाची बिअर, जी आता बारा महिने मिळते, तीही मुळात ख्रिसमससाठीच केली होती. या तिन्हींपैकी एकीचीही ओळख मसाल्यावर उभी नाही. एक कोरडी आणि सोनेरी, दुसरी हलकी लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर), तिसरी गडद आणि दाट. म्हणून बाटली निवडताना लेबलवरचा सांता बघू नका, आणि दालचिनीचं चित्र तर अजिबात बघू नका. माल्ट, यीस्ट आणि वेळ या तीन गोष्टी कुणी मनापासून दिल्यात ते बघा.

आता हिवाळाच का? युरोपात बार्ली उन्हाळ्याच्या शेवटी कापली जाते आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, साधारण सप्टेंबरात उतरतात. म्हणजे शरदात ब्रुअरीत सगळा माल ताजा असतो. शिवाय यांत्रिक थंडावा येण्यापूर्वी उन्हाळ्यात बिअर घालणं म्हणजे नासाडीला आमंत्रण होतं. बव्हेरियात तर १५५३ साली राजाज्ञाच निघाली, की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं ब्रुअऱ्यांत पोचेपर्यंत थंडी हाच खरा हंगाम होता. कडाक्याच्या थंडीत यीस्ट सावकाश काम करतं, जंतू वाढत नाहीत, आणि जड, भरपूर माल्टची बिअर तळघरात महिनोन् महिने निवांत मुरते.

उत्तरेकडे याला कायद्याचंही बळ होतं. पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलाटिंग कायद्यात शेतकऱ्यानं ख्रिसमससाठी बिअर घालणं बंधनकारक होतं. ती घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर प्यायची, चांगलं पीक आणि शांतता मागायची. टाळलं तर दंड, आणि सलग तीन वर्षं टाळलं तर जमीनजुमल्यावर पाणी सोडायची वेळ. मला हे कलम फार आवडतं, कारण त्यात बिअर ही एकट्यानं प्यायची गोष्ट नाही हे सरळ लिहिलेलं आहे. डेन्मार्कमध्ये आजही नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री ८ वाजून ५९ मिनिटांनी टुबोर्गची ख्रिसमस बिअर बाहेर येते आणि गावोगावचे बार गजबजून जातात. बिअर म्हणून ती साधी आहे, ५.६ टक्क्यांची गोडसर लागर. पण सोहळा मोठा.

आता तुमच्या काढ्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे.

बेल्जियन बिअरमध्ये लवंग, मिरी, केळं, मनुका असं जे काही नाकाला जाणवतं, त्यातलं बरंचसं मसाल्यातून आलेलं नसतं, यीस्टनं तयार केलेलं असतं. बार्ली आणि गव्हाच्या सालपटात फेरुलिक ॲसिड असतं. बेल्जियन आणि बव्हेरियन गव्हाच्या बिअरची काही यीस्ट त्याचं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर करतात. त्याचा वास थेट लवंगेच्या जवळ जातो. हीच यीस्ट एस्टर तयार करतात, त्यातून केळं, नासपती, पिकलेल्या फळाचा वास येतो. आंबवण्याचं तापमान दोन-चार अंशांनी वर-खाली केलं की या वासांचा तोल बदलतो. आमच्याकडे नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना एकच वर्ट दोन लहान टाक्यांत भरून देतो. वर्ट म्हणजे माल्टचा उकळलेला, अजून न आंबलेला गोड रस. एका टाकीत अमेरिकन धाटणीचं तटस्थ यीस्ट, दुसऱ्या टाकीत बेल्जियन मठांच्या परंपरेतलं. तीन आठवड्यांनी दोन ग्लास समोर ठेवले की मुलं हमखास विचारतात, दुसऱ्यात काय काय घातलंय? काहीच घातलेलं नसतं.

आता अशा बिअरमध्ये कुणी वरून खरी लवंग घातली, तर लवंगेवर लवंग चढते. लवंगेतलं युजेनॉल फार जबर असतं. २० लिटरच्या बॅचमध्ये चार-पाच लवंगा म्हणजे बाकी सगळं झाकलं गेलंच म्हणून समजा. तुम्हाला न आवडलेल्या बाटलीत असंच काहीसं झालं असणार. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. यीस्टचा मसाला नाकात असतो, आणि घोट गिळल्यावर विरून जातो. वरून घातलेला मसाला जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो, टाळू कोरडी करतो, आणि दुसऱ्या घोटापासून माल्टची चव लागेनाशी होते. दालचिनीच्या सालीतला तुरटपणा तर हमखास.

मसाला वाईट असतो असं मी म्हणत नाही. आर्देन्सच्या डोंगरातल्या शूफ ब्रुअरीची 'न'आइस शूफ' ही १० टक्क्यांची गडद बिअर थाइम आणि कडू संत्र्याची साल घालून करतात, आणि ते दोन्ही माल्टच्या मागे उभे राहतात, पुढे येत नाहीत. मेख्लन शहरातल्या हेट आंकर ब्रुअरीची 'गौडन कारोलस ख्रिसमस' १०.५ टक्क्यांची, तिच्यात सहा तऱ्हेच्या औषधी वनस्पती आणि मसाले आहेत. तरीही ती तोल सांभाळते, कारण ती ऑगस्टमध्ये घालून पुढचे काही महिने मुरवत ठेवतात. मसाल्याची धार या महिन्यांतच जाते. नोव्हेंबरच्या दुकानात मसाल्याची अर्धीकच्ची बिअर कुठली, हे वासावरून कळतं. ओतल्या ओतल्या फक्त मसालाच आला आणि माल्टचा भाजका, गोड वास आलाच नाही, तर ती घाईनं केलेली आहे.

माल्टबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हिवाळी बिअरचा कणा तोच. गडद ख्रिसमस बिअरमध्ये मुख्य धान्य फिकं पिल्सनर माल्टच असतं. रंग आणि मनुका-खजुराचा स्वाद येतो तो थोड्याशा कॅरॅमल माल्टमुळे. हे माल्ट करताना ओलसर दाणेच तापवतात, त्यामुळे दाण्याच्या आतच स्टार्चची साखर होते आणि ती भाजली जाते. बेल्जियममध्ये त्याचा एक फार गडद प्रकार वापरतात, त्याला स्पेशल बी म्हणतात. कधी संधी मिळाली तर त्याचे चार दाणे चावून बघा. आधी कुरकुरीत, मग काळ्या मनुकांसारखी गोडी, आणि शेवटी करपलेल्या साखरेची किंचित कडू कड. बिअरच्या ग्लासात जो स्वाद तुम्हाला 'ख्रिसमससारखा' वाटतो, तो बराचसा या दाण्यातून येतो. त्याच्या जोडीला खडीसाखरेचा काळसर पाक घालतात. साखर पूर्ण आंबते, त्यामुळे दारू वाढते पण अंग जड होत नाही. दहा टक्क्यांची बेल्जियन बिअर पिताना ती चिकट लागत नाही, याचं कारण हे.

इथे आपल्याकडच्या माणसांचा हमखास एक गैरसमज होतो, आणि तुमच्या वडिलांना बाटली देण्याआधी तो दूर करायला हवा. भारतात 'स्ट्राँग' हा शब्द लेबलवर दिसला की आपण स्वस्तात चढणारी बिअर असं समजतो. झपाट्यानं आणि जास्त तापमानाला आंबवलं, लगेच गाळून बाटलीत भरलं, की बिअरमध्ये फ्युसेल अल्कोहोल, म्हणजे जड, उग्र जातीची अल्कोहोल, राहतात. घशाला जाळ लागतो तो त्यांचा. बेल्जियन ब्रुअर हीच ताकद वेगळ्या वाटेनं मिळवतो. निरोगी यीस्ट भरपूर घालायचं, सुरुवात १८ अंशांवर करून हळूहळू २३-२४ अंशांपर्यंत चढू द्यायचं, मग कित्येक आठवडे शून्याच्या आसपास थंड टाकीत ठेवायचं, आणि शेवटी बाटलीत थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालून उबदार खोलीत पुन्हा आंबू द्यायचं. आमच्या ब्रुअरीतला जुना ब्रुअर या उबदार खोलीत रोज एक फेरी मारून बाटल्यांच्या तळाचा गाळ बघायचा. घाई करणाऱ्याला या बिअरच्या धंद्यात जागा नाही असं मला तिथे पाहून पक्कं वाटलं.

ताकदीचा एक हिशेब मात्र डोक्यात ठेवा. ३३० मिलिलिटरची १० टक्क्यांची एक लहान बाटली म्हणजे ३३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची मोठी बाटली म्हणजेही जवळजवळ तेवढंच. बाटली छोटी दिसते म्हणून तीन सहज घेतल्या, तर तीन मोठ्या बाटल्या पोटात गेल्या हे लक्षातही येत नाही. गाडी चालवायची असेल त्या दिवशी ही बिअर नकोच. आणि 'थंडीत ऊब देते' हा समज सोडून द्या. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. बर्फात फिरून आल्यावर आधी शेकोटी, मग बिअर.

यंदा काय घ्यावं? मी तुमच्या जागी असतो तर या घेतल्या असत्या.

पहिली सिंट बर्नार्डस ख्रिसमस एल, १० टक्के. ही ब्रुअरी फ्रान्सच्या सीमेजवळ वाटू गावात आहे, हॉप्सच्या मळ्यांच्या मुलखात. १९४६ ते १९९२ पर्यंत तिथेच वेस्टव्लेटेरनच्या मठासाठी परवान्यावर बिअर बनत होती, आणि त्या काळातलं यीस्ट त्यांनी आजवर जपलंय. यीस्ट काय करू शकतं हे एका ग्लासात कळायचं असेल तर हीच. गडद, फेस दाट, नाकात मनुका आणि किंचित पुदिन्यासारखा गारवा.

दुसरी 'बुश द नोएल', पिपे गावच्या दुब्विसाँ ब्रुअरीची, १२ टक्के. ही तांबूस आहे आणि हिच्यात मुरवताना हॉप्स घालतात. गोडीला कडवटपणाची लगाम असल्यामुळे एवढी ताकद असूनही थकवत नाही. अमेरिकेत हीच 'स्काल्डिस नोएल' नावानं विकतात, कारण तिथे बुश नावाची मोठी कंपनी आधीच आहे.

तिसरी 'स्टिल नाख्त', डिक्समूडेजवळच्या एसनमधल्या द डोले ब्राउवर्सची, १२ टक्के. काळी नाही, मधाच्या रंगाची. फळांचा, मधाचा आणि हलक्या आंबटपणाचा असा मेळ मी दुसऱ्या कुठल्याही ख्रिसमस बिअरमध्ये प्यायलेलो नाही. ही सापडली की दोन घ्या. एक आत्ता प्या, एक ठेवून द्या. का ते पुढे सांगतो.

चौथी दुपाँची 'बाँ व्हो', जिचा उल्लेख वर केला, ९.५ टक्के. गडद बिअर आवडत नसलेल्या पाहुण्याला ही द्यायची. फरसाण, चिवडा, तळलेली मासळी, कशाहीबरोबर चालते.

हॉलंडमधलंच काही हवं असेल तर हर्टॉग यान ग्रँड प्रेस्टीज. १० टक्क्यांची ही बिअर ख्रिसमसची म्हणून विकली जात नाही, बारा महिने साध्या सुपरमार्केटात माफक किमतीत मिळते, आणि थंडीच्या संध्याकाळी कित्येक सांतावाल्या बाटल्यांपेक्षा सरस ठरते. डच लोकांची शरदातली गडद, गोडसर बॉकबिअरही छान असते, पण डिसेंबर येईपर्यंत तिचा हंगाम सरत आलेला असतो.

बेल्जियमच्या बाहेरच्या दोघींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. सामिक्लाउस ही १४ टक्क्यांची गडद लागर. १९७९ साली झुरिकच्या ह्युर्लिमान ब्रुअरीनं सुरू केली, नंतर ती ब्रुअरी बंद झाली आणि ऑस्ट्रियातल्या श्लॉस एगेनबर्गनं तिचा वारसा उचलला. वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी घालतात, आणि बाटलीत भरतात ती थेट पुढच्या वर्षी. दुसरी कॅलिफोर्नियाची सिएरा नेव्हाडा सेलिब्रेशन, १९८१ पासूनची, ६.८ टक्के. तिच्यात मसाल्याचा कणही नाही. त्या मोसमातले पहिले ताजे हॉप्स हाच तिचा सण. मात्र ती ठेवायची नाही, ताजीच प्यायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ पासून दरवर्षी नवी पाककृती आणि लेबलवर नवं झाड काढून ख्रिसमस एल केली होती. २०२३ मध्ये ती ब्रुअरी बंद पडली, आणि अमेरिकेतल्या या परंपरेची गंगोत्रीच आटली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक. तुम्ही सीमेच्या इतक्या जवळ राहता, तर डिसेंबरात अँटवर्पच्या उत्तरेला एस्सन गावात भरणारा ख्रिसमस बिअर महोत्सव चुकवू नका. रोसेनडालहून रेल्वेनं एका हाकेवर आहे. लहान ग्लासातून चाखायला मिळतं, त्यामुळे पूर्ण बाटल्या विकत घेऊन फसण्याचा प्रश्न नाही. हेच एसन आणि एस्सन दोन वेगळी गावं आहेत, गल्लत करू नका.

प्यायची कशी, याबद्दल. फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. चार-पाच अंशांवर या बिअरचा निम्मा वास झोपलेला असतो. १० ते १३ अंशांवर ती खुलते. फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास टेबलावर ठेवा. पुण्यात आणलीत तर डिसेंबरातल्या रात्री गॅलरीत ठेवलेली बाटली अगदी बरोबर गारव्याला येते. ग्लास पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळता घ्या, आणि वरती तीन बोटं जागा फेसासाठी सोडा. बाटली एका संथ धारेत ओतत जा, मध्ये थांबून पुन्हा उभी केली की तळाचा गाळ ढवळतो. शेवटचा एक सेंटिमीटर बाटलीतच राहू द्या. त्यात यीस्ट आहे, अपायकारक नाही, पण चव पिठूळ होते. पहिला घोट घेतल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा वास घ्या. ग्लास हातात गरम होत जातो तसा आधी कारमेल, मग सुकामेवा, मग शेवटी थोडी रमसारखी छटा असं एकेक उलगडत जातं. ७५० मिलिलिटरची बाटली चौघांत वाटली की हे सगळं प्रत्येकाला मिळतं आणि कुणाला जास्तही होत नाही.

जेवणाबरोबर म्हणाल तर तिकडे जुनं, कडक, दाणेदार गौडा चीज घ्या, त्याच्यापुढे दुसरं काही नाही. गोव्याकडचं कुणी असेल आणि घरात दोदोल किंवा बेबिंका आलं असेल, तर निळी शिमे उघडा. नारळ, गूळ आणि भाजका माल्ट यांचं फार जुळतं. बाटली संक्रांतीपर्यंत टिकली तर गुळपोळीबरोबरही. तिखट रश्शाबरोबर मात्र बारा टक्क्यांची बिअर देऊ नका, तिखटाचा जाळ आणि दारूचा जाळ एकमेकांना वाढवतात.

आता वडिलांसाठी आणण्याचं. भारतात येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १,९८० मिलिलिटर, बरोबर बसतात. निघायच्या आधी नियम एकदा बघून घ्या, ते बदलतात. बिअर हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेतच टाकावी लागते. विमानाच्या पोटातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बाटल्या फुटतील ही भीती नको. फुटतात त्या आदळआपटीनं. प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, मग बॅगेच्या मधोमध स्वेटरांत. घरी पोचल्यावर लगेच उघडायची नाही. दोन-तीन दिवस उभी ठेवा, प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसेल. वडील व्हिस्की पिणारे असतील तर त्यांना 'बुश द नोएल' जास्त भावेल असा माझा अंदाज.

साठवायचं असेल तर ९ टक्क्यांच्या वरच्याच ठेवा, शक्यतो गडद. बाटलीत जिवंत यीस्ट असल्यामुळे आणि ताकदीमुळे त्या एक-दोन वर्षांत आणखी गोल होतात, शेरीसारखी, खजुरासारखी छटा येते. 'स्टिल नाख्त'ची दुसरी बाटली ठेवा म्हटलं ते याचसाठी. तिची आंबटगोड चव वर्षभरानं पार वेगळी होते. हॉप्सवर उभ्या असलेल्या बिअरचं उलट, त्यांचा वास महिन्यागणिक उडतो. मसाल्याच्याही वर्षभरात फिक्या पडतात. जागा अंधारी हवी, कारण उजेडात हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र दुर्गंधी येते. तपकिरी काच थोडा बचाव करते, हिरवी फारसा नाही. आइंडहोव्हनला जिन्याखालचं कपाट चालेल. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथे माळ्यावर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात वाया जाते. फ्रिजचा तळाचा कप्पा हाच तिथे उपाय.

राहिलं घरी बनवणं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे हे फक्त तुमच्या तिकडच्या घरासाठी. आत्ता नोव्हेंबरात घातलीत तर ती प्यायच्या लायकीची होईल होळीच्या सुमारास. पुढच्या ख्रिसमससाठी हवी असेल तर ऑगस्टमध्ये घाला. २० लिटरसाठी ५ किलो पिल्सनर माल्ट, ८०० ग्रॅम म्युनिक माल्ट, ३०० ग्रॅम स्पेशल बी. ६५ अंशांवर तासभर मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं, मग ९० मिनिटं उकळी. उकळीचा शेवटचा तास राहिला की ५० ग्रॅम स्टिरियन गोल्डिंग किंवा तसेच सौम्य हॉप्स, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ६०० ग्रॅम गडद खडीसाखरेचा पाक. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता) १.०७८ ते १.०८० यायला हवी, म्हणजे अखेरीस साडेआठ टक्क्यांच्या आसपास बिअर मिळेल. मठाच्या परंपरेतलं कोरडं यीस्ट दोन पाकिटं घाला, एकात भागवू नका. १८ अंशांवर सुरू करून आठवड्याभरात २३ पर्यंत जाऊ द्या. पुढे तीन-चार आठवडे थंड जागी, आणि बाटलीत भरताना लिटरला ७ ग्रॅम साखर. बाटल्या जाड काचेच्याच घ्या, पातळ काच या दाबाला टिकत नाही.

पाकाऐवजी आपला गूळ चालेल का, असं पुढे विचाराल म्हणून सांगतो. चालतो, पण निम्माच घ्या आणि निम्मी साधी साखर. गुळातली खनिजं आंबल्यावर मागे राहतात आणि गोडी गेल्यावर त्यांचा खारटपणा उघडा पडतो.

मसाला पहिल्या बॅचला घालूच नका. किटसोबत पुडी आली असेल तर ती बाजूला ठेवा. बिअर मुरल्यावर चाखून बघा, आणि तरीही काही कमी वाटलं तर दालचिनीचा एक तुकडा आणि कडू संत्र्याची १५ ग्रॅम साल थोड्या व्होडकामध्ये आठवडाभर भिजवा. तो अर्क ड्रॉपरनं १०० मिलिलिटर बिअरमध्ये थेंब थेंब घालत चाखा. वास जेमतेम जाणवायला लागला की थांबा, थेंब मोजा, एक थेंब कमी करा, आणि त्या हिशेबानं उरलेल्या बिअरमध्ये बाटल्या भरण्याआधी मिसळा.